रोल भरणारे हात : दादासाहेब फाळके

दरवर्षी ३ मे आला की वर्तमानपत्रांत दादासाहेब फाळके यांचा फोटो छापून येतो. भारतीय चित्रपटाचे जनक, 'राजा हरिश्चंद्र', १९१३, एवढे आपल्या नातवंडांनाही पाठ असते. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो हेही सर्वांना ठाऊक आहे. मात्र कॅमेऱ्यासमोर पहिला नट उभा करण्याआधी फाळके फिल्म कापायला, तिला भोके पाडायला, ती कॅमेऱ्यात भरायला आणि धुवायला स्वतः शिकले, आणि मग ते सगळे त्यांनी घरात बायकोमुलांना शिकवले, ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

निर्मलमधल्या आपल्या बऱ्याच घरांत माळ्यावर किंवा कपाटात वडिलांचा, काकांचा जुना रोलचा कॅमेरा असतो. कॅमेरा बहुधा ठीक असतो. त्यात रोल नीट भरता येणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. म्हणून दादासाहेबांचे चरित्र या वेळी त्या हातांच्या बाजूने सांगतो.

त्र्यंबकेश्वर ते गोध्रा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुंबईत प्राध्यापकाची नोकरी मिळाल्यावर ते कुटुंब घेऊन तिकडे गेले. घरात पोथ्यापुराणांचे वातावरण होते, पण धुंडिराजांचा ओढा चित्रकलेकडे. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे ते बडोद्याला कलाभवनात गेले. तिथे चित्रकलेबरोबर वास्तुकला आणि मूर्ती घडवण्याचेही शिक्षण झाले. कलाभवनचे प्राचार्य गज्जर यांनी या मुलाची चिकाटी पाहून फोटोग्राफीची प्रयोगशाळा त्याला वापरू दिली. अंधाऱ्या खोलीशी फाळक्यांची ओळख तिथे झाली.

त्यानंतर रतलामला जाऊन ते तीन रंगांचे ब्लॉक करणे आणि छपाईची आणखी काही तंत्रे शिकले. मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत तिथेच त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. संसार मोडला, गाव सुटले. बडोद्यात पुन्हा फोटोग्राफीचा धंदा मांडला, तर फोटो काढला की माणसाचे बळ जाते अशी समजूत लोकांत पसरलेली. गिऱ्हाईक येईना. त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली. पुढे आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने त्यांनी जादूचे प्रयोगही केले.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर, सासरचे सरस्वती. पुढच्या हकिगतीत या सरस्वतीबाईंना विसरून चालणार नाही.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी लागली. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत, १९०६ मध्ये, ती त्यांनी सोडली. लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले. छापखाना नंतर दादरला आला, भागीदार मिळाले, १९०९ मध्ये नवी यंत्रे आणि रंगीत छपाई पाहण्यासाठी जर्मनीची वारीही झाली. पण भागीदारांशी पटले नाही आणि फाळके चालत्या धंद्यातून बाहेर पडले. चाळिशी गाठलेला माणूस, पदरात मुले, हाती काही नाही, अशी ती अवस्था होती.

विम्याच्या पॉलिसीवर कर्ज

१९११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूत फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. परदेशी लोक आपल्या देवाची कथा पडद्यावर आणतात, तर राम आणि कृष्ण का नाहीत, हा विचार त्यांच्या मनात बसला. मुंबईकरांनी हलती चित्रे पहिल्यांदा पाहिली ती ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले होते. पण संपूर्ण कथा उभी करायची, आणि ती इथल्या माणसांच्या हातून, हे कोणी केलेले नव्हते.

फाळके रोज चित्रपट पाहू लागले. घरी आल्यावर फिल्मचे तुकडे, भिंगे, मेणबत्त्या घेऊन रात्र रात्र प्रयोग. झोप नाही, डोळ्यांवर ताण. शेवटी दृष्टी अधू झाली आणि काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि एकापेक्षा अधिक चष्म्यांच्या आधाराने ती परत आली.

मग त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात ज्यांची हयात गेली त्यांना या व्यवहाराचे वजन कळेल. धंदा सुटलेला, उत्पन्न नाही, मागितलेली रक्कम अशा व्यवसायासाठी जो देशात अस्तित्वातच नाही. तारणात असलेला पैसा घरच्यांच्या उद्याचा.

लंडनमध्ये 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना मदत केली आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखवला. फाळक्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची आणि भोके पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवली, आणि १ एप्रिल १९१२ ला ते घरी परतले. जाऊन येऊन दोन महिने.

कोऱ्या पट्टीला भोके

सामान मे महिन्यात आले. फाळके तोवर दादरला 'मथुरा भवन' या बंगल्यात राहायला गेले होते. सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी यंत्रे स्वतः जुळवली आणि घरातल्यांनाच कामाला लावले.

त्या काळी कोरी फिल्म बऱ्याचदा भोके न पाडता येत असे. पट्टी ३५ मिलिमीटर रुंद. प्रत्येक चित्रासाठी दोन्ही कडांना चार-चार भोके लागत. कॅमेऱ्यातले दाते या भोकांत अडकत आणि हँडल फिरवले की पट्टी एका चित्राएवढी पुढे सरके. भोके वेडीवाकडी पडली तर पडद्यावर चित्र थरथरते. भोक दात्यावर बसले नाही तर पट्टी फाटते किंवा जागीच राहते, आणि बाहेर हँडल मात्र फिरत राहते. दिवसभर नट घाम गाळतात आणि रात्री धुतल्यावर हाती काही येत नाही.

हे काम उजेडात करता येत नाही. त्या वेळची फिल्म लाल उजेडाला प्रतिसाद देत नसे, म्हणून फार तर लाल दिवा चाले. त्या मंद उजेडात भोके पाडायची, पट्टी लाकडी डब्यात गुंडाळायची, डबा कॅमेऱ्यात बसवायचा, रात्री पुन्हा काढून रसायनात धुवायची. सरस्वतीबाई हे सगळे शिकल्या. भोके पाडणे, फिल्म भरणे, रसायने मिसळणे, धुणे, यात त्या तरबेज झाल्या. पाठीमागे शाळेचे शिक्षण नव्हते, होती ती हाताची शिस्त.

त्यांनी किती काम केले याचा अंदाज एका हिशेबावरून येईल. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एका फुटात १६ चित्रे. म्हणजे ५९,२०० चित्रे. प्रत्येक चित्राला दोन्ही कडा मिळून आठ भोके धरली तर आकडा ४,७३,६०० वर जातो. यंत्र एका दाबात अनेक भोके पाडते हे खरे, पण ती सरळ पडली की नाही हे बोटांनीच पाहावे लागते. शिवाय हा एका प्रतीचा हिशेब झाला. वाया गेलेली फिल्म आणि छपाईची फिल्म वेगळी.

वाटाण्याचा वेल

यंत्रे तयार झाली, पण चित्रपटाला लागणारा पैसा नव्हता. सावकार धजत नव्हते. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज ठरावीक वेळी थोडे थोडे चित्रण केले. फिल्म धुऊन पडद्यावर लावली तेव्हा बीला कोंब फुटला आणि बघता बघता वेल वर चढला. 'अंकुराची वाढ' या नावाने ही लहानशी फिल्म ओळखली जाते.

फिल्म भरण्याच्या दृष्टीने पाहिले तर ही कठीण परीक्षा होती. महिनाभर कॅमेरा हलता कामा नये, पट्टी दात्यांवरून घसरता कामा नये, उजेड आत शिरता कामा नये. एका दिवसाची ढिलाई झाली तर सगळा महिना वाया. ती फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे द्यायची तयारी दाखवली. आमच्या भाषेत बोलायचे तर हा प्रोजेक्ट रिपोर्ट होता, आणि तो कागदावर नव्हता.

'राजा हरिश्चंद्र'

चित्रीकरणाला आणि बाकीच्या तयारीला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवली. रोहिताश्वाचे काम फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्रने केले. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांच्याकडे होता. विजेचे दिवे नव्हते, चित्रीकरण उन्हात चाले. सरस्वतीबाई दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडीत, आणि रात्री फिल्मच्या कामाला बसत. पैसा कमी पडला तेव्हा त्यांचे दागिनेही गेले.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांना चित्रपट दाखवला गेला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी लागला आणि चालला.

त्यानंतर फाळक्यांनी मुक्काम नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या स्त्रियांनी काम केले. मग 'सत्यवान सावित्री' आली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि १९१९ चा 'कालिया मर्दन' यांत कृष्ण झाली ती त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. पुढे पुन्हा भागीदारांशी मतभेद, राजीनामा, काशीचा मुक्काम, तिथे नाटक लिहिणे आणि पुन्हा परत येणे. तोवर बोलपट आले. मूक चित्रपटात मुरलेल्या माणसाला ते मानवले नाहीत. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे विपन्नावस्थेत गेली.

आज 'राजा हरिश्चंद्र'चे पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. तेही १९१३ चे की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या काळची फिल्म चटकन पेट घेणारी आणि कालांतराने कुजणारी होती. एवढ्या हातांनी भरलेले बरेचसे असे गेले.

तीच पट्टी, आपल्या घरी

ज्या सुमारास सरस्वतीबाई दादरला ३५ मिलिमीटरच्या पट्टीला भोके पाडत होत्या, त्याच सुमारास जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बार्नाक हा कारागीर तीच सिनेमाची पट्टी एका छोट्या कॅमेऱ्यात आडवी बसवून पाहत होता. चित्र आडवे झाले, आकार दुप्पट झाला, एका चित्राला कडेची चार भोके लागत होती तिथे आठ लागू लागली. हा कॅमेरा लायका नावाने १९२५ मध्ये बाजारात आला. १९३२ मध्ये त्यात रेंजफाइंडर बसवला गेला. खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक आणल्या की फोकस जुळतो, ती ही सोय. आपल्या घरांतले यॅशिका इलेक्ट्रो, कॅनोनेट, झॉर्की हे सगळे त्याच घराण्यातले. त्यामुळे फाळक्यांच्या घरातला नियम इथेही लागू आहे : भोक दात्यावर बसले पाहिजे.

रेंजफाइंडरची एक फसवी गोष्ट आहे. डोळा लावायची खिडकी लेन्सपासून वेगळी असते. रोल अडकला नसला तरी खिडकीत सगळे छान दिसते, शटर वाजते, आकडाही पुढे सरकतो. लग्न पार पडते, आणि रोल धुतल्यावर पट्टी कोरी निघते. म्हणून रोल असा भरावा :

१. सावलीत बसावे. आधी उलटा गुंडाळण्याची खुंटी हळूच फिरवून पाहावी. ती अडत असेल तर आत जुना रोल आहे, पाठ उघडू नये.

२. पाठ उघडून खुंटी वर ओढावी, डबी डावीकडच्या खणात बसवावी आणि खुंटी खाली दाबावी. शटरच्या पडद्याला बोट लावू नये.

३. फिल्मची जीभ उजवीकडच्या रिळाच्या फटीत घालावी. मग शटर दाबून आणि पट्टी पुढे घेऊन, वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांची भोके दात्यांवर बसली आहेत हे डोळ्यांनी पाहावे. एकच कड बसली असेल तर पाठ लावू नये.

४. पाठ लावून खुंटी बाणाच्या दिशेने अलगद फिरवावी, म्हणजे आतला ढिलेपणा जातो. जोर लावू नये.

५. आता पट्टी पुढे घेताना खुंटीकडे पाहावे. ती उलट दिशेने फिरत असेल तर रोल चालू आहे. फिरत नसेल तर पट्टी अडकलेली नाही. आकडा काही दाखवो, विश्वास खुंटीवर ठेवावा.

६. दोन कोरे फोटो घेऊन आकडा १ वर आणावा, रोलच्या डबीवरचा वेगाचा आकडा कॅमेऱ्यावर लावावा आणि लेन्सचे झाकण काढावे.

७. रोल संपल्यावर पाठ लगेच उघडू नये. आधी रोल मोकळा करण्याची कळ दाबून पट्टी डबीत पूर्ण गुंडाळावी. ताण सुटल्याचे हाताला कळते.

झॉर्कीसारख्या, तळाचे झाकण काढून रोल भरायच्या जुन्या कॅमेऱ्यांत फिल्मची जीभ आधी कात्रीने लांब करावी लागते. सुमारे दहा सेंटिमीटर, आणि काप भोकातून न जाता दोन भोकांच्या मधून. भोकातून गेला तर तिथला तुकडा सुटून आत अडकतो.

निर्मलच्या खेळण्यांचेही असेच आहे. आपण कौतुक करतो ते वरच्या रंगाचे. पण नकाश कारागीर त्याआधी पोनिकीचे हलके लाकूड तासतो, चिंचोके आणि भुशाच्या लगद्याने सांधे बुजवतो, पांढरा हात देतो. तो भाग कच्चा राहिला तर रंग टिकत नाही. दादासाहेबांचा मोठेपणा मला इथे वाटतो की त्यांनी आतले काम हलके मानले नाही. आधी ते स्वतः शिकले आणि मग घरात वाटून दिले. श्रेय मात्र तितके वाटले गेले नाही. सरस्वतीबाईंचे नाव आजही बहुतेक पाठ्यपुस्तकांत नाही. आपल्या घरी ३ मेची गोष्ट सांगताना ते नाव अवश्य घ्यावे.

ज्या सभासदांच्या घरी असा कॅमेरा आहे त्यांनी तो सुटीत खाली काढावा. मुदत संपलेला एक जुना रोल मिळाला तरी पुरे. नातवंडांना उघड्या पाठीने तो दहा वेळा भरू द्यावा आणि खुंटी फिरताना दाखवावी. मंडळातल्या ज्या ज्येष्ठांच्या हातात ही सवय आहे त्यांनी ती आताच पुढे दिली तर बरे. पुस्तकात वाचून हे समजते, पण दात्यावर बसलेली भोके बोटाला ओळखता यावी लागतात, आणि ते कोणीतरी शेजारी बसूनच शिकवावे लागते.